इंजिनाचे तलाठी : बोटीच्या व ट्रॅक्टरच्या इंजिनांतील सेन्सर

सप्टेंबर २०२५ च्या उत्तरार्धांत सीनेस जो पूर आला तो परंडा व भूम तालुक्यांतील लोक लवकर विसरणार नाहींत. नदीकांठचीं गांवें पाण्यानें वेढलीं, उभें सोयाबीन आडवें झालें, शेतांची माती वाहून गेली, आणि माणसें घरांच्या छपरांवर चढून बसलीं. त्यांना काढण्यासाठीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टरहि आलें. ज्या जिल्ह्याच्या पिढ्या उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहण्यांत गेल्या, तेथें बोट ही वस्तु कोणाच्या नित्य परिचयाची असणार? परंतु त्या पुरापासून बोटीसंबंधीं चौकशी करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांतला एक प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. बोटीच्या इंजिनास म्हणे आतां संगणक असतो. ऐन पुरांत तो बिघडला तर काय करावयाचें?

प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्यास मी कांहीं इंजिनियर नव्हे. माझें आयुष्य महसूल खात्यांत टिपणें लिहिण्यांत गेलें. परंतु नोकरीच्या अखेरच्या वर्षांत पावसाळ्यापूर्वींच्या तयारीचें टेबल माझ्याकडे होतें, व बोट, लाइफ जॅकेट, दोर, बॅटऱ्या ह्यांच्या नोंदी मीच ठेवीत असें. शिवाय घरीं ५५ अश्वशक्तीचा नवा ट्रॅक्टर आहे. बोटीचें नवें इंजिन बहुधा पेट्रोलचें व ट्रॅक्टरचें डिझेलचें. तरी ज्या विषयासंबंधीं मी लिहीत आहें त्यांत तीं दोघें सख्खीं भावंडें आहेत. म्हणून ज्या वाचकास बोटीशीं कर्तव्य नाहीं त्यानेंहि पुढील मजकूर वाचण्यास हरकत नाहीं.

त्यापैकीं एका वर्षीं जूनच्या आरंभीं एका तलावावर बोटीची चांचणी ठरली होती. बोट कांठापासून दोनशें हात गेली असेल नसेल, तोंच इंजिनाचा आवाज आपोआप खालीं आला व आंतून पीं-पीं असा स्वर सुरू झाला. चालकानें मूठ पूर्ण पिळली तरी वेग वाढेना. ‘साहेब, इंजिन बसलें,’ असें तो तेथूनच ओरडला, आणि वल्हीं मारीत बोट परत आली. चांचणीचा अहवाल मलाच लिहावयाचा होता. मीं ‘इंजिन नादुरुस्त’ असें लिहूनहि टाकलें. दुसऱ्या दिवशीं मिस्त्री आला. त्यानें इंजिन वर उचललें, पाण्यांत बुडणाऱ्या भागावर जी बारीक जाळी असते तिच्यावरून प्लास्टिकच्या पिशवीचा एक तुकडा ओढून काढला, आणि इंजिन पूर्ववत् चालूं लागलें. मला माझा अहवाल फाडावा लागला.

घडलें होतें तें असें. बोटीच्या मागें टांगलेल्या इंजिनास ट्रॅक्टरसारखा रेडिएटर नसतो. तें ज्या पाण्यांतून जातें तेंच पाणी जाळींतून ओढून, रबरी पात्यांच्या लहानशा पंपानें आपल्या अंगांतून फिरवितें व बाहेर टाकतें. त्यांतली एक बारीक धार मागच्या बाजूस मुद्दाम दिसेल अशी ठेवलेली असते. जाणता चालक इंजिन सुरू होतांच आधीं ती धार पाहतो. जाळी बुजली, धार बंद पडली, इंजिन तापूं लागलें. तें तापलें हें त्याच्या अंगांत बसविलेल्या एका सेन्सरनें कळविलें, आणि संगणकानें इंधन कमी करून वेग मिनिटास साधारण दोन हजार फेऱ्यांवर आणून ठेवला. म्हणजे इंजिन बिघडलेलें नव्हतें. आपण बिघडूं नये म्हणून तें आपण होऊन सावकाश झालें होतें. आमच्या चालकास ती सूचना कळली नाहीं व मलाहि कळली नाहीं, हा दोष इंजिनाचा म्हणतां येत नाहीं.

जुन्या पेट्रोल इंजिनांत कार्ब्युरेटर असे. हवा अरुंद गळ्यांतून वेगानें जातांना तेथील दाब कमी होई आणि त्या ओढीनें पेट्रोल बारीक छिद्रांतून वर येई. किती यावें हें छिद्राच्या मापानें कायमचें ठरलेलें. थंडी असो कीं ऊन असो, छिद्र तेंच. जुन्या डिझेल इंजिनांत पंपाचा दट्ट्या व फिरत्या वजनांचा गव्हर्नर मिळून तेंच काम करीत. नव्या पद्धतींत इंधन पंपानें दाबून नळींत भरून ठेवतात, आणि विजेनें उघडणारी एक तोटी, जिला इंजेक्टर म्हणतात, ती पाहिजे त्या क्षणीं पाहिजे तितकाच वेळ उघडली जाते. इंजिन मिनिटास ३००० फेऱ्या करीत असेल तर एका फेरीस सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. तेवढ्यांत तोटी उघडून मिटावयाची. हें काम दट्ट्याच्या हातचें नव्हे, म्हणून तेथें संगणक आला. त्यास मिस्त्री लोक ई.सी.यू. किंवा ई.सी.एम. म्हणतात, मी आपल्या सोईसाठीं नुसतें ‘पेटी’ म्हणेन.

ही पेटी बंद डब्यांत बसलेली असते. तिला डोळे नाहींत, कान नाहींत, इंजिन तापलें कीं गारठलें हें तिला स्वतः कळण्याचा मार्ग नाहीं. ह्या बाबतींत ती हुबेहूब तहसीलदारासारखी आहे. तहसीलदार कांहीं प्रत्येक बांधावर जाऊं शकत नाहीं. गांवची स्थिति तलाठी कळवितो (आतां त्याचें नांव ग्राम महसूल अधिकारी झालें आहे, पण लोकांच्या तोंडीं तलाठीच राहील), पाऊस मंडळांतलें पर्जन्यमापक सांगतें, पैसेवारी पीककापणीवरून ठरते. आणि ह्या कागदांवरून आदेश निघतो. सेन्सर म्हणजे इंजिनाचे तलाठी. मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे अतिवृष्टि धरली जाते, हें शेतकऱ्यास पाठ आहे. त्या मापकाच्या नरसाळ्यांत एक पान अडकलें तर पाऊस पडूनहि तो कागदावर पडत नाहीं. तेव्हां आदेश चुकतो, पण आदेश देणारा चुकलेला नसतो. इंजिनाच्या पुष्कळशा आजारांचें मूळ ह्या एका वाक्यांत आहे.

आतां हे तलाठी कोणत्या भाषेंत अहवाल देतात तें पाहूं. पेटीस फक्त विजेचा दाब समजतो. ती बहुतेक सेन्सरांस ५ व्होल्टांची वीज पुरविते व परत किती व्होल्ट आले एवढेंच पाहते.

सर्वांत सोपा सेन्सर उष्णतेचा. त्याच्या पोटांत एक खडा असतो. तो तापला कीं विजेस होणारा त्याचा विरोध कमी होतो. पुष्कळ बनावटींत २० अंशांस अडीच हजार ओहमांच्या आसपास असलेला विरोध ८० अंशांस तीनशें-साडेतीनशेंवर येतो. पेटीकडे गार इंजिनाचे व्होल्ट जास्त दिसतात, तापलेल्याचे कमी. तार तुटली तर पेटीस पुरे ५ व्होल्ट दिसतात, म्हणजे जणूं इंजिन हिमालयांतल्या बर्फांतहि नसेल इतकें गार आहे. तार लोखंडास चिकटली तर शून्य व्होल्ट, म्हणजे इंजिनाची भट्टी झाली आहे. ह्या दोन्ही गोष्टी अशक्य असें पेटीस आधींच शिकवून ठेवलेलें असतें. ती दिवा लावते, तो अहवाल बाजूस सारते आणि एक ठराविक आंकडा गृहीत धरून काम चालविते.

खरी अडचण निराळी आहे. तार तुटत नाहीं, पण कप्लरांत ओल शिरून हिरवट गंज चढतो. त्या गंजाचा विरोध सेन्सरच्या विरोधांत मिळतो, आणि इंजिन ८० अंशांवर असतांना पेटीस तें ४० अंशांवर आहेसें वाटतें. गार इंजिनास अधिक इंधन द्यावयाचें हा नियम; ती अधिक इंधन देत राहते. धूर येतो, प्लग काळे होतात, पेट्रोल जास्त जातें, आणि दिवा मात्र लागत नाहीं, कारण ४० अंश ही अशक्य गोष्ट नव्हे. पैसेवारी कोणी १५० लिहिली तर शिपाईहि ती पकडील. ४८ ची ५२ लिहिली तर ती कोण पकडणार? आणि त्या चार पैशांवर गांवचा दुष्काळ अवलंबून असतो, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

दुसरा महत्त्वाचा सेन्सर क्रँकचा. फिरत्या चाकावर दांते असतात व त्यांच्यासमोर केसाएवढी फट ठेवून हा सेन्सर बसविलेला असतो. दांता समोरून गेला कीं एक विजेचा ठोका उमटतो. ट्रॅक्टर-मोटारींत पुष्कळदां साठ दांत्यांची वांटणी करून त्यांतले दोन मुद्दाम गाळलेले असतात. एक दांता म्हणजे सहा अंश, आणि जेथें ठोके चुकतात ती खूण. त्यावरून दट्ट्या कोठें आहे व वेग किती हें पेटीस कळतें. परंतु चार स्ट्रोकच्या इंजिनांत दट्ट्या दोनदां वर येतो, एकदां हवा दाबावयास व एकदां धूर बाहेर टाकावयास. ह्यांतली कोणती खेप चालू आहे हें सांगण्यासाठीं ट्रॅक्टरवर कॅमशाफ्टपाशीं आणखी एक सेन्सर असतो. उष्णतेचा सेन्सर मेला तर इंजिन कसेंतरी चालतें. क्रँकचा मेला तर बहुधा जागच्या जागीं थांबतें, कारण इंधन केव्हां सोडावयाचें हेंच कळत नाहीं. स्टार्टर जोरांत फिरतो, इंधन आहे, आणि इंजिन एक ठिणगीहि घेत नाहीं, असें झालें तर संशय प्रथम येथें धरावा.

हवेच्या दाबाचा सेन्सर पेट्रोलच्या बोटीस फार महत्त्वाचा. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें १४.७ भाग हवा लागते. हवा कांहीं तराजूंत घालतां येत नाहीं. म्हणून तिचा दाब, तिची उष्णता व इंजिनाचा वेग ह्या तिहींवरून पेटी हिशेब करते. किल्ली फिरविल्यावर इंजिन सुरू होण्यापूर्वीं हा सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब सांगतो. समुद्रकांठीं तो सुमारें १०१ किलोपास्कल असतो. आपल्या बालाघाटाच्या पठारावर, सहाशें मीटरांहून अधिक उंचीवर, तो ९४ च्या आसपास भरतो. त्यामुळें रत्नागिरीच्या किनाऱ्यावर चालणारें इंजिन येथील तलावावर आणलें तरी कार्ब्युरेटरप्रमाणें त्याचें छिद्र बदलावें लागत नाहीं.

मूठ किंवा पायाचें पेडल किती दाबलें हें सांगणारा सेन्सर ट्रॅक्टरवर दुहेरी असतो. एकाच डबींतून दोन तारांनीं दोन निरनिराळे आंकडे येतात, बहुधा एक दुसऱ्याच्या निम्मा. सातबाराचें क्षेत्र आणि आठ-अचें क्षेत्र जसें आम्हीं ताडून पाहावें तसे पेटी हे दोन आंकडे ताडते. मेळ बसला नाहीं तर ती कोणाचेंहि ऐकत नाहीं व इंजिन मंद चालीवर ठेवते. चालकाच्या पायाखालीं नसतांना इंजिन पळत सुटण्यापेक्षां तें बरें.

आतां माझ्या शेतांतली हकीकत. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्या नियमांत बसण्यासाठीं ह्या वर्गांतील ट्रॅक्टरांत कॉमन रेल पद्धत व तिच्याबरोबर हें सर्व सेन्सरांचें कुटुंब आलें. जुना पंप डिझेल सुमारें दोनशें बारच्या दाबानें फवारी. कॉमन रेलमध्यें तोच दाब दीड हजार बारांच्याहि वर जातो. रेल म्हणजे जाड पोलादी नळी. तिच्या टोंकास दाबाचा सेन्सर असतो.

मृगाचा पाऊस चांगला झाला, वाफसा आला, आणि सोयाबीन पेरतांना तिसऱ्या दिवशीं दिवा लागला. इंजिन पंधराशें फेऱ्यांच्या वर जाईना. दुरुस्तीवाल्यानें स्कॅनर जोडला. ‘रेलचा दाब कमी’ असा कोड निघाला. त्यानें रेलच्या दाबाचा सेन्सर बदलला व नऊ हजार रुपये घेतले. दोन तास पेरणी झाली आणि पुन्हां तेंच. दुसऱ्या दिवशीं त्यानें वायरिंगवर संशय घेतला, तिसऱ्या दिवशीं पेटीवरच. पेटीची किंमत ऐकून माझ्या भावानें ट्रॅक्टर घरीं ओढून आणला. गांवांतल्या एका जुन्या मिस्त्र्यानें, ज्याचा जन्म पाण्याच्या डिझेल इंजिनांवर गेला, एकच प्रश्न विचारला: ‘फिल्टर केव्हां बदलला?’ फिल्टर उघडला तेव्हां तळाशीं ओंजळभर पाणी व काळा चिखल निघाला. डिझेल आम्हीं कॅनमधून आणून ठेवीत असूं, आणि ते कॅन पावसांत उघडे पडलेले. फिल्टर चोंदला म्हणून पंपास डिझेल मिळेना, म्हणून रेलचा दाब पडे, आणि सेन्सर तेंच कळवी. तलाठ्यानें खरा अहवाल दिला, आणि आम्हीं तलाठ्याचीच बदली केली.

फिल्टरच्या बुडाशीं पाणी ओळखणारा एक स्वतंत्र सेन्सर होता. दोन धातूंच्या काड्या. डिझेल वीज नेत नाहीं, पाणी नेतें, एवढेंच त्याचें शास्त्र. मग तो कां बोलला नाहीं? मागच्या खेपेस फिल्टर बदलतांना कोणीतरी त्याचा कप्लर काढला व परत लावलाच नव्हता. आमच्या यंत्रांत ह्या सेन्सरची तार तुटली तरी पेटीस ‘पाणी नाहीं’ असेंच समजतें. ज्या गांवाचा अहवालच आला नाहीं तेथें नुकसान शून्य, असें धरून चालण्यासारखें तें झालें. ह्या चार दिवसांत वाफसा गेला, आणि राहिलेलें रान पुढच्या पावसावर पेरावें लागलें. नऊ हजारांपेक्षां तें नुकसान मोठें.

म्हणून कोड म्हणजे काय हें नीट समजून घ्यावें. कोड बिघडलेल्या वस्तूचें नांव सांगत नाहीं. कोणता अहवाल पेटीस विपरीत वाटला एवढेंच सांगतो. अहवाल विपरीत असण्याचीं कारणें तीन: वस्तुस्थितीच विपरीत आहे, अहवाल वाटेंत बिघडला आहे, किंवा अहवाल देणारा खोटा आहे. दुरुस्तीवाले तिसऱ्यापासून आरंभ करतात, कारण सेन्सर विकतां येतो. आपण पहिल्यापासून आरंभ करावा. दाब कमी म्हणतो, तर फिल्टर व डिझेल पाहावें. उष्णता जास्त म्हणतो, तर पाणी, पट्टा आणि रेडिएटरची जाळी पाहावी, बोट असल्यास धार पाहावी. मग फ्यूज, बॅटरीचीं टोंकें, अर्थिंगची तार व कप्लर. स्टार्टर फिरतांना दुर्बळ बॅटरीचा दाब इतका खालीं जातो कीं पेटी क्षणभर बेशुद्ध पडते, आणि मग दहा निरनिराळे कोड एकदम दिसतात. ते सारे खरे मानून सामान आणणारा मनुष्य बुडाला म्हणून समजा.

तारांचे शत्रू आपल्याकडे तीन. शेडमधील उंदीर हा पहिला. दुसरा धुण्याचा जोरदार फवारा; तो कप्लरांवर कधींहि मारूं नये. तिसरें वेल्डिंग. ट्रॅक्टरवर किंवा त्यास जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्या, नाहींतर वेल्डिंगची वीज पेटींतून वाट काढण्याचा संभव असतो. बोटीस आणखी एक गोष्ट लागू आहे. चालकाच्या मनगटास बांधलेली जी लाल दोरी असते, तिच्या टोंकाची क्लिप खटक्यावर नसेल तर इंजिन सुरूच होत नाहीं. चालक पाण्यांत पडला तर इंजिन बंद व्हावें म्हणून ती योजना आहे. ती सेन्सर नव्हे. परंतु ‘संगणक बिघडला’ म्हणून पाण्याबाहेर काढलेल्या बोटींत ही क्लिप घरीं राहिलेली मीं दोनदां पाहिली.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. पुरांत संगणक बिघडला तर काय? पेटी स्वतः क्वचित् बिघडते. बहुतेक सेन्सर बिघडले तर बोट मंद चालीनें कांठ गांठते. क्रँकचा बिघडला तर वल्हीं. म्हणून वल्हीं, जादा क्लिप, जादा फ्यूज हीं बोटींत असलींच पाहिजेत, व नोंदवहींत असून उपयोग नाहीं. जुनें कार्ब्युरेटरचें इंजिन बरें होतें असें म्हणणारांशीं मी सहमत नाहीं. वर्षांतून एकदां लागणाऱ्या बोटींत कार्ब्युरेटरमध्यें जुनें पेट्रोल सुकून चिकट होई आणि नेमक्या वेळीं इंजिन दोरी ओढून ओढून हात दुखवी. पेट्रोल शिळें होऊं देणें नव्या इंजिनासहि मानवत नाहीं, हें मात्र खरें. माझी तक्रार निराळी आहे. ट्रॅक्टरबरोबर जें पुस्तक मिळतें त्यांत तारांचा नकाशा नाहीं, कोडांची यादी नाहीं, आणि स्कॅनर दुरुस्तीवाल्याच्या कुलपांत. सातबारा आतां कोणालाहि मोबाइलवर पाहतां येतो. बारा-तेरा लाखांच्या यंत्राच्या मालकास आपल्याच यंत्राची नोंद पाहतां येऊं नये, हें मला पटत नाहीं.

तोंपर्यंत तीन-चारशें रुपयांचें मल्टिमीटर घरीं ठेवावें. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत मीं ट्रॅक्टरचा उष्णतेचा सेन्सर काढून, गार इंजिनावर व बॅटरी सोडवून, दोरीनें पातेल्यांतल्या पाण्यांत सोडला, शेजारीं थर्मामीटर धरला आणि चुलीवर पाणी तापवीत गेलों. दर दहा अंशांस मीटरचा आंकडा पुतण्यानें वाचला. ते सर्व आंकडे शेडच्या भिंतीवर कोळशानें लिहून ठेवले आहेत. पहिला अडीच हजारांच्या जवळचा आहे, शेवटचा दोनशेंच्या थोडा आंतला, आणि मधला एक पुतण्यानें चुकीचा वाचला म्हणून खोडून पुन्हां लिहिला आहे.